कंडेन्सर माइक घेताना आणि लावताना

आपल्या रेडिओसाठी कार्यक्रम करणारे गट आम्हाला हमखास विचारतात, "माइक कोणता घ्यायचा? दुकानदार म्हणतो कंडेन्सरच घ्या, स्टुडिओत तोच असतो." पैसे गटाच्या बचतीतले. ते एकदाच खर्च होणार, म्हणून आज याविषयी नीट बोलू या.

माइकचे मुख्य प्रकार दोन. डायनॅमिक माइकमध्ये लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. आपल्या आवाजाने वेटोळं हलतं आणि सायकलच्या डायनॅमोसारखी थोडी वीज तयार होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सरमध्ये एक अतिशय पातळ पडदा आणि त्याला अगदी खेटून धातूची चकती असते. आवाजाने पडदा थरथरला की दोघांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि त्यातून आवाजाचा संदेश तयार होतो. तो फार क्षीण असतो, म्हणून माइकच्या पोटातच एक छोटं सर्किट बसवलेलं असतं. त्याला मात्र वीज द्यावीच लागते.

पडदा हलका, म्हणून तो बारीकसारीक सगळं टिपतो. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीचा थकलेला, हळू आवाज तो छान धरतो. पण पंख्याची घरघर, शेजारची मोटर आणि पत्र्यावरचा पाऊसही तितक्याच इमानाने धरतो. म्हणून माइक घेण्याआधी खोली तपासा. दारं-खिडक्या लावून दोन मिनिटं डोळे मिटून बसा आणि काय काय ऐकू येतं ते लिहून काढा. खोली शांत असेल, भिंतींवर गोधड्या टांगून आवाज घुमणं कमी करता येत असेल, तर कंडेन्सर जरूर घ्या. बाजारात, शेतात, ग्रामसभेत फिरायचं असेल, तर डायनॅमिक माइकच सोयीचा.

आता विजेचं. स्टुडिओच्या कंडेन्सरला बहुधा ४८ व्होल्ट लागतात. मिक्सरमधून आवाजाच्याच केबलने ही वीज माइककडे जाते. वेगळी तार दिसत नाही, म्हणून तिचं नाव फँटम पॉवर, म्हणजे भुतासारखी अदृश्य वीज! आकडा ४८ च का? १९६६ साली न्यूमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओला नव्या प्रकारचे माइक दाखवले. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. तीच माइकला वापरली आणि पुढे तोच आकडा रूढ झाला.

खरेदी करताना मिक्सरवर '४८ व्होल्ट'चं बटण आहे का ते बघा. तीन पिनांची एक्सएलआर केबल घ्या. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ४८ व्होल्ट मिळत नाहीत. फक्त लॅपटॉप असेल, तर यूएसबी माइक बघा. तो लॅपटॉपवरच चालतो.

माइक लावताना क्रम पाळायचा. आधी आवाजाचं बटण पूर्ण खाली. मग केबल जोडा. मग ४८ व्होल्ट चालू करा. थोडं थांबा आणि मगच आवाज वाढवा. काढताना उलट: आवाज खाली, ४८ व्होल्ट बंद, अर्धा मिनिट थांबा, मग केबल काढा. वीज चालू असताना केबल ओढली तर मोठा 'फट्' आवाज येतो. हेडफोन लावलेल्या बाईच्या कानाला त्रास होतो, आणि माइक किंवा मिक्सरही बिघडू शकतो. बरेच मिक्सर एकाच बटणाने सगळ्या माइकना ४८ व्होल्ट देतात, म्हणून जुना रिबन माइक किंवा साधा कॉलर माइक सोबत जोडू नका.

फँटम पॉवरचा प्रवाह अगदी थोडा असतो. माणसाला खरा धोका भिंतीतल्या २३० व्होल्टचा. माइक ओठांजवळ असतो आणि त्याची जाळी धातूची. मिक्सरच्या प्लगला तिसरी पिन असेल तर ती कधीही तोडू नका आणि बोर्डाला अर्थिंग आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्या. ओठाला किंवा हाताला झिणझिणी आली, तर तिथेच थांबा, मेन बटण बंद करा.

बोलताना माइकपासून साधारण एक वीत अंतर ठेवा. माइकवर फुंकर मारू नका, टिचकी मारू नका. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

माइक लावण्या-काढण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून मिक्सरशेजारी चिकटवा. गटातल्या प्रत्येकीला तो स्वतःच्या हाताने एकदा करू द्या. मग एखादी ताई आली नाही, तरी आजीच्या ओव्या त्या दिवशी टिपायच्या राहणार नाहीत.