केसाला दिशा असते

विंचरताना गळलेला एक लांब केस घ्या. चिमटीत धरा आणि अंगठा-बोट केसाच्या लांबीला धरून मागेपुढे चोळा. केस हळूहळू सरकू लागेल. कितीही वेळा करून पाहा, तो मुळाकडचं टोकच पुढे घालून सरकतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दहा-बारा केसांवर ताडून पाहिलं, कारण विश्वास बसेना.

केसावर सूक्ष्म खवले असतात. जावळी-पाटणकडच्या घरांवर कौलं रचतात तसे, मुळाकडून टोकाकडे एकावर एक उतरत गेलेले. त्यामुळे तो एकाच बाजूला सरकतो, धोतरात शिरलेल्या कुसळासारखा. डोक्यावर सगळे केस एकाच दिशेचे, म्हणून शेजारी-शेजारी सुखाने राहतात. त्यातला एक उलटा ठेवा, की खवल्यात खवला अडकतो आणि गुंता सुरू होतो.

खऱ्या केसांच्या विगचं आयुष्य या दिशेवर उभं आहे. तिरुमलाला मुंडणात उतरलेल्या केसांचा लिलाव होतो. त्यातल्या जुडग्याची मुळं एका बाजूला ठेवता येतात. आपल्या बायका मात्र फणीतलं गुंतवळ साठवून केसांवर भांडी देणाऱ्या फेरीवाल्याला देतात. कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर हे गाव असलं गुंतवळ सोडवण्यासाठी ओळखलं जातं. गोळ्यातून एकेक केस सुटा करायचा, हे काम डोळ्यांपुढे आणलं तरी थक्क व्हायला होतं. पण त्यात मूळ कुठलं आणि टोक कुठलं, हे हरवलेलं असतं. म्हणून बऱ्याचदा असे केस आम्लात बुडवून खवलेच काढतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. नवा विग रेशमासारखा वाटतो. काही धुण्यांनंतर थर जातो आणि जटा होऊ लागतात. दोष वापरणाऱ्याचा नसतो.

सांगलीला हा विषय परका नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथेच ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. पुढे 1888 मध्ये याच जिल्ह्यातल्या नागठाण्यात बालगंधर्व जन्मले. त्यांची शकुंतला, भामिनी, रुक्मिणी पाहून घरंदाज बायकांनी साडी नेसण्याची आणि केस बांधण्याची ढब बदलली. नाटकवाल्यांचा ‘टोप’ आणि बायकांचं ‘गंगावन’ हे शब्द विगच्या कितीतरी आधीचे.

डोक्यावरच्या केसाला त्वचेतल्या ग्रंथी तेल पुरवतात. टोपातल्या केसाला ती वाट कायमची बंद. मग आपला हात सवयीने खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, आणि तिथेच थांबावं. चांगल्या टोपात एकेक-दोनदोन केस बारीक आकडीने जाळीला गाठवलेले असतात. तेल जाळीत उतरलं की गाठी निसटू लागतात. कंडिशनरही मधल्या भागापासून टोकापर्यंतच लावावा, गाठींपासून दूर. विंचरायचं टोकापासून सुरू करून थोडं थोडं वर जात, रुंद दात्यांच्या फणीने, आणि केस कोरडे असताना. ओल्या केसातले हायड्रोजन बंध सैल होतात. तो ताणला जातो आणि तुटतो. धुताना कोमट पाणी वरून खाली सोडावं. चोळू नये, पिळू नये. पंचात दाबून पाणी टिपावं आणि टोप स्टँडवर सावलीत वाळवावा. उन्हात रंग उडतो.

कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका धरतो आणि केस राठ होतात. साबणाऐवजी सौम्य शाम्पू वापरावा आणि शेवटचं पाणी तरी फिल्टरचं घ्यावं. पागोळीखाली धरलेलं स्वच्छ पाणी त्याहून उत्तम.

हवेचीही तीच कथा. 1783 मध्ये सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेलेला केस सुमारे दोन टक्क्यांनी लांबतो, आणि डोक्यावरून उतरून कितीही वर्षं झाली तरी हे भान त्याला राहतं! सातारा जिल्ह्यात हा काटा दोन्ही टोकांना फिरेल. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दहिवडीत पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावर टोप फुगतो. माणदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्यात वीज भरते आणि केस उभे राहतात. तिथे कंडिशनर थोडा जास्त लागतो.

कर्करोगाच्या उपचारांसाठी दूरदूरच्या गावांहून माणसं मिरजेत येतात. केमोथेरपीत केस गेलेल्या बाईला टोप बहुधा काही महिनेच लागतो. औषधं थांबल्यावर केस परततात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. तेव्हा टोप एकदा नीट धुऊन, वाळवून, दुसरीला देता येतो. त्यातला तीस सेंटिमीटरचा प्रत्येक केस कुणाच्या तरी डोक्यावर दोन वर्षांहून जास्त काळ वाढलेला आहे.