'स्पायडर-मॅन २' : एका उत्तरभागाविषयीं

चाळिशी उलटलेल्या शिक्षकानें जाळ्याच्या धाग्याला लोंबकळून इमारती ओलांडणाऱ्या नायकाचा चाहता असावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसही तें तसेंच वाटलें. मधल्या सुटींत कोणत्या नायकाचा कोणता भाग श्रेष्ठ यावर त्यांचा कडाक्याचा वाद चालला असतां आम्हीं जातां जातां तोंड घातलें, आणि सारे एकदम गप्प झाले. मग एकानें धीर करून विचारलें, "सर, तुम्हीं पाहिला आहे?" आम्हीं पाहिला आहे, एकदां नव्हे, निदान सात-आठ वेळां तरी. इतक्यांत घंटा झाली व आमचें उत्तर अर्धवट राहिलें. तें येथें पुरें करावें असें योजिलें आहे.

वाद असा होता कीं, चित्रपटाचा उत्तरभाग पूर्वभागापेक्षां सरस असूं शकतो काय? बहुतेकांचें मत 'नाहीं' असें पडलें, व तें अगदींच निराधार नव्हतें. उत्तरभाग म्हणजे पुष्कळदां पूर्वभागाच्या पुण्याईवर काढलेलें कर्ज असतें. नांव तेंच, पोशाख तोच, शत्रु मात्र दुप्पट मोठा आणि पाडावयाच्या इमारती चौपट. तथापि सन २००४ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत प्रदर्शित झालेला, सॅम रेमी यांनीं दिग्दर्शित केलेला 'स्पायडर-मॅन २' हा या नियमास अपवाद आहे, असें आमचें ठाम मत आहे.

ज्यांनीं हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठीं पूर्वकथा थोडक्यांत सांगतों. हा नायक प्रथम अवतरला तो 'अमेझिंग फॅन्टसी' या चित्रकथांच्या पुस्तिकेच्या ऑगस्ट १९६२ च्या, म्हणजे १५ व्या, अंकांत. कथालेखक स्टॅन ली व चित्रकार स्टीव्ह डिटको. पीटर पार्कर हा न्यूयॉर्कमधील एक पोरका मुलगा. बेनकाका व मेकाकू यांनीं वाढविलेला. बुद्धीनें तल्लख, परंतु चारचौघांत बुजणारा. एका विलक्षण कोळ्याच्या दंशानें त्यास भिंतीवर चढण्याची व अचाट बळाची देणगी मिळते. आरंभीं ती तो पैसे मिळविण्याकडे लावतो. एका चोरास अडविणें हातांत असतां 'मला काय त्याचें' म्हणून त्यास जाऊं देतो, आणि तोच चोर पुढें बेनकाकांचा प्राण घेतो. तेव्हांपासून पीटर मुखवटा चढवून लोकांच्या रक्षणास वाहून घेतो. सन २००२ च्या पहिल्या चित्रपटांत ही कथा आली. टोबी मॅग्वायर या नटानें पीटरचें काम केलें व चित्रपट जगभर गाजला.

आतां उत्तरभाग काढणाऱ्यापुढील अडचण पाहा. शक्ति मिळण्याची कथा मुळांतच रंजक असते. सामान्य मुलगा उंच उडी मारतो तेव्हां प्रेक्षकाचेंही मन उडी मारतें. दुसऱ्या भागांत हा आनंद उरत नाहीं. उडी सर्वांनीं पाहिलेली असते. मग बहुतेक निर्माते उडी आणखी उंच करतात. रेमी व त्यांचे पटकथाकार आल्व्हिन सार्जेंट यांनीं ती वाट सोडली आणि निराळाच प्रश्न केला: हा मुलगा या सर्वांची किंमत कशांतून चुकती करतो? सार्जेंट यांचें नांव अशा चित्रपटास अनपेक्षितच होतें. घरांतल्या घरांत दुःख गिळणाऱ्या माणसांच्या 'ऑर्डिनरी पीपल' या चित्रपटाच्या पटकथेबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें होतें, आणि हें काम त्यांनीं हातीं घेतलें तेव्हां ते सत्तरी ओलांडून गेले होते. कथेचें बीज मात्र जुनें आहे. जुलै १९६७ च्या ५० व्या अंकांत पीटर आपला पोशाख कचऱ्याच्या पिंपांत टाकून पाठ फिरवितो असें जॉन रोमिटा यांचें एक चित्र आहे; चाहत्यांस तें तोंडपाठ आहे म्हटलें तरी चालेल. रेमी यांनीं तें चित्र जसेंच्या तसें पडद्यावर आणलें आणि सारा चित्रपट त्याच्या अलीकडे व पलीकडे बांधला.

आरंभींची पंधरा-वीस मिनिटें म्हणजे शुद्ध खर्चाची यादी आहे. पीटर पिझ्झा पोंचविण्याचें काम करतो. वाटेंत मुलांचे प्राण वाचवितो, पिझ्झा उशिरा पोंचतो, नोकरी जाते. (नोकरीवरून काढणाऱ्या त्या दुकानदाराचें काम करणारे आसिफ मांडवी हे नट मूळचे मुंबईंत जन्मलेले, पुन्हां पाहाल तेव्हां लक्ष ठेवा.) खोलीचें भाडें थकतें. घरमालकाचें नांव डिटकोविच, हा जुन्या चित्रकारास केलेला खोडकर नमस्कार होय. पोशाख धुवावयास टाकावा तर त्याचा रंग पांढऱ्या कपड्यांस लागतो. मेरी जेन या जिवलग मैत्रिणीचें नाटक पाहावयास निघावें तर वाटेंत चोर भेटतात, आणि नाट्यगृहाचा द्वारपाल उशिरा आलेल्यास आंत घेत नाहीं. हें सारें हंसत हंसत दाखविलें आहे. परंतु प्रत्येक विनोदामागें कांहींतरी कायमचें हातचें जातें.

कॉलेजांतही तीच दशा. पीटर तासाला उशिरा येतो, निबंध वेळेवर देत नाहीं, आणि डॉक्टर कॉनर्स हे त्याचे प्राध्यापक त्यास हुशार पण आळशी समजतात. येथें थोडें स्वतःविषयीं सांगणें भाग आहे. सन २००४ मध्यें आम्हीं हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हां आम्ही अजून विद्यार्थीच होतों, आणि त्या प्राध्यापकांचा आम्हांस मनस्वी राग आला. पुढें आम्ही शिक्षक झालों. आठवीच्या वर्गांत एक मुलगा रोज पहिल्या तासाला उशिरा येई आणि तिसऱ्या तासाला डुलक्या घेई. गणितांत त्याची बुद्धि चांगली चाले. प्रगतिपुस्तकावर आम्हीं शेरा मारला: 'हुशार, परंतु आळशी.' तो पहाटे चारला उठून वर्तमानपत्रें टाकी, मग दुधाच्या पिशव्या पोंचवी आणि धाकट्या बहिणीस तिच्या शाळेंत सोडून आमच्याकडे येई, हें आम्हांस वार्षिक परीक्षेच्या सुमारास कळलें, आणि तेंही त्याच्या शेजाऱ्यांकडून. त्यानें स्वतः अक्षर काढलें नव्हतें. आम्हीं तो शेरा खोडला. पण खोडलेल्या रेघेखालून तो स्वच्छ वाचतां येत होता. त्यानंतर पुन्हां जेव्हां हा चित्रपट पाहिला, तेव्हां डॉक्टर कॉनर्स बोलूं लागले आणि आम्हांस मान वर करवेना.

या चित्रपटाचें मर्म याच ठिकाणीं आहे असें आम्हांस वाटतें. प्रेक्षकास पीटरच्या उशिराचें कारण ठाऊक असतें. पडद्यावरील एकाही माणसास तें ठाऊक नसतें. त्याचें खरें दुःख मार खाण्यांत नाहीं, न सांगतां येण्यांत आहे. म्हणूनच आमच्या मतें साऱ्या चित्रपटांतील सर्वांत धाडसाचा प्रसंग एका साध्या स्वयंपाकघरांतील मेजापाशीं घडतो. बेनकाकांच्या मृत्यूचा दोष मेकाकू स्वतःकडे घेत असतात. पीटर त्यांस सांगून टाकतो कीं, चोर माझ्या हातून सुटला; मी त्यास अडविलें नाहीं. मेकाकूंचा हात त्याच्या हातांत असतो. त्या तो हळूच काढून घेतात, उठतात, आणि एक शब्दही न बोलतां जिना चढून वर जातात. रोझमेरी हॅरिस या वयोवृद्ध अभिनेत्रीनें हा प्रसंग असा केला आहे कीं, त्यापुढें इमारती कोसळण्याचे सारे देखावे फिके पडावेत. याच मेकाकूंनीं थोड्या वेळापूर्वीं, घर कर्जापायीं जाण्याच्या बेतांत असतां, पुतण्याच्या हातांत बळें वीस डॉलर कोंबलेले असतात.

मनावरील या ओझ्यानें पीटरची शक्तीच हळूहळू आटूं लागते आणि तो पोशाख टाकून देतो. मग कांहीं दिवस सुखाचे येतात. अभ्यास होतो, तास चुकत नाहींत. तेवढ्यांत एका घरास आग लागते. अंगीं कोणतीही शक्ति नसतां तो आंत शिरतो व एका लहान मुलीस बाहेर आणतो. लोक पाठ थोपटतात. आणि मागाहून त्याच्या कानीं पडतें कीं, चवथ्या मजल्यावर आणखी एक माणूस अडकला होता, तो वांचला नाहीं. या वाक्यावर कोणी भाष्य करीत नाहीं. दुसरा एखादा दिग्दर्शक असता तर त्यानें येथें वाद्यांचा कल्लोळ केला असता.

प्रतिनायक डॉक्टर ऑक्टेव्हियस याची योजनाही याच धोरणानें केली आहे. आल्फ्रेड मोलिना या नटानें साकारलेला हा शास्त्रज्ञ दुष्ट म्हणून येत नाहीं. पत्नीवर प्रेम करणारा, पीटरला जेवावयास बसवून विज्ञानाच्या गोष्टी सांगणारा असा तो प्रथम येतो. प्रयोग फसतो, पत्नी मरते, आणि पाठीस जोडलेले चार यांत्रिक बाहु त्याच्या बुद्धीचा ताबा घेतात. पीटर आपलें आवडतें तें सोडावयास शिकतो. याला आपला प्रयोग सोडवत नाहीं. हे बाहु केवळ संगणकानें काढलेले नव्हेत. पुष्कळ प्रसंगीं ते खरोखर घडविलेले होते व कळसूत्री बाहुल्या नाचविणाऱ्या कसबी माणसांनीं ते हलविले होते. त्यामुळें त्यांस वजन आहे. रुग्णालयांतील त्यांचा थैमान पाहतांना रेमी यांनीं उमेदवारीच्या काळांत भयपट काढले होते हें ध्यानांत येतें. लहान भावंडांस तेवढा भाग दाखवूं नये. दृश्य-चमत्कृतीचें ऑस्कर या चित्रपटास सन २००५ मध्यें मिळालें, तें योग्यच झालें.

आतां आगगाडीचा प्रसंग. मॅनहॅटनच्या ज्या भागांत ही गाडी खांबांवरील रुळांवरून धावते तेथें असा लोहमार्ग नाहीं. चित्रणाचा कांहीं भाग शिकागो शहरीं झाला. त्याची कोणास पर्वा? गाडीचे नियंत्रण तुटलेलें, पुढें रूळ संपलेले, आंत शेंकडों माणसें. पीटर गाडीच्या तोंडाशीं उभा राहून दोन्हीं हातांनीं जाळ्यांचे दोर दुतर्फा इमारतींस लावतो आणि अंग फाटेपर्यंत ताणून धरतो. मुखवटा आधींच गेलेला असतो. गाडी थांबते, तो भान हरपून पुढें कलंडतो, तोंच आंतून हात पुढें येतात. प्रवासी त्यास डोक्यांवरून, हातोहात, आंत नेऊन निजवितात. ख्रिस्ती वाचकास तेथें कोणतें चित्र आठवतें तें सांगावयास नको. आम्ही तो मुद्दा ताणीत नाहीं. आम्हांस अधिक भिडतें तें पुढलें. त्यास न्याहाळून एकजण म्हणतो कीं, हा तर माझ्या मुलाएवढाच आहे. दोन पोरें मुखवटा आणून देतात व कोणास न सांगण्याचें वचन देतात. सबंध चित्रपटांत ज्याचें कारण कोणास ठाऊक नव्हतें, त्याचें तें आगगाडीच्या डब्याभर अनोळखी माणसांस एकदम कळतें, आणि तीं तें आपल्यापाशीं ठेवतात.

दोष नाहींत असें नाहीं. गेलेली शक्ति मेरी जेन संकटांत पडतांच परत येते, हें फार सोयीचें झालें. त्या बिचारीस पहिल्या भागाप्रमाणें येथेंही शेवटीं ओलीसच ठेवलें आहे. तिला याहून बरें काम द्यावयास हवें होतें. आमचे विज्ञान-शिक्षक बंधु तर आटोपेपर्यंत हंसत असतात. अणुसंमीलनाची ज्वाला मोकळी सुटून वाढत जात नाहीं. उष्णता व दाब टिकले नाहींत कीं ती आपोआप विझते. तो लहानसा सूर्य नदींत बुडविण्याची गरजच नव्हती असें त्यांचें म्हणणें. तें खरें आहे. परंतु ऑक्टेव्हियस शुद्धीवर येऊन आपल्या हातांनीं आपलें स्वप्न बुडवितो व त्याबरोबर स्वतःही जातो, तेवढ्यासाठीं आम्हीं विज्ञानास थोडा वेळ बाहेर उभें केलें आहे.

मिळकतीचे आकडे पाहूं जातां गंमत दिसते. पहिल्या भागानें जगभर ८२ कोटी डॉलरच्या आसपास गोळा केले, या दुसऱ्यानें ७८ कोटींहून थोडे अधिक, आणि सन २००७ च्या तिसऱ्यानें सुमारें ८९ कोटी. म्हणजे तिघांत उत्तम त्याची कमाई सर्वांत कमी. तिसऱ्यांत शत्रु तीन होते आणि आम्ही मध्यंतरापर्यंत थकून गेलों होतों. सन २०२१ मध्यें 'नो वे होम' या चित्रपटांत मॅग्वायर व मोलिना पुन्हां समोरासमोर आले. दोघे वयानें वाढलेले. त्यांची ती थोडकी विचारपूस ऐकतांना आम्हीं चष्मा पुसला, हें आमच्याबरोबर आलेल्या मुलांनीं शाळेंत सर्वांस सांगितलेंच आहे.

'स्पायडर-मॅन २'चा शेवट असा. मेरी जेन स्वतःचें लग्न मांडवांतच सोडून पीटरच्या दाराशीं येते. त्यास वाटतें आतां सुख आलें. तोंच बाहेर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजतो, ती हंसून त्यास जावयास सांगते, आणि तो खिडकींतून जातो. शेवटचें चित्र त्याच्या उडीचें नाहीं. खिडकीशीं एकटी उभी राहिलेल्या तिचें आहे, आणि तिचें हंसूं मावळत जातें. मावळतांना त्या चेहऱ्यावर काय उरतें, भीति कीं पश्चात्ताप कीं नुसतें वाट पाहणें, यावर आमच्या घरीं वीस वर्षें एकमत झालेलें नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें "सर, तुम्हीं पाहिला आहे?" असें विचारलें होतें, त्यानें तेवढाच भाग पुन्हां पाहून आपलें मत आम्हांस मधल्या सुटींत येऊन सांगावें. घंटा होण्यापूर्वीं.