तळ्यापलीकडचा दिवा
(लेखमाला : आकाशाची मापे, लेखांक 6)

मुळशीच्या तळ्याकाठच्या गावांत वाट विचारली, की किलोमीटरमध्ये उत्तर क्वचितच मिळते. वडुस्त्याजवळच्या कैलासगडाला निघालो होतो, तेव्हा गवताचा भारा बांधत बसलेल्या एका आजोबांना विचारले, "बाबा, गड किती लांब हो?" ते म्हणाले, "लांब कुठला? तासाभराची तर वाट." आणि गाव? "गाव काय, हाकेच्या अंतरावर." दोन्ही उत्तरे अंतराचीच. एकात चालायचा वेळ आहे, दुसऱ्यात आवाजाची पोच.

प्रकाशवर्ष हे तासाभराच्या वाटेच्याच जातीचे माप. चालणारा तेवढा वेगळा. तो सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर जातो. चंद्रापासून आपल्यापर्यंत त्याला सव्वा सेकंद लागतो, सूर्यापासून आठ मिनिटे आणि वीसएक सेकंद. वर्षभर तो चालत राहिला तर 9.46 लाख कोटी किलोमीटर वाट तुडवतो.

गेल्या लेखांकात व्याधाचे अंतर 8.6 प्रकाशवर्षे दिले होते. त्यावर वाचकांचा रास्त प्रश्न आला : तिथे कुणी गेले नाही, फीत लावली नाही, प्रकाश निघाला तेव्हा घड्याळ लावून कुणी बसले नव्हते, मग हा आकडा आणला कुठून? याचे उत्तर मुळशीच्या काठावरच मिळते, म्हणून यंदा डिसेंबरच्या सुरुवातीला काही मुलांना घेऊन तिथे गेलो होतो.

धरणाकडच्या काठावर, पश्चिमेला तोंड करून आम्ही उभे होतो. अंधार पडला होता. समोर मावळतीकडे श्रवणाचा तारा कलला होता आणि पलीकडच्या काठावर एकच दिवा दिसत होता. मुलांचे दोन गट केले, एक दुसऱ्यापासून दक्षिणेला बरोबर पन्नास मीटरवर. तारा तर सारखा सरकत असतो, म्हणून दोघांनी एकाच क्षणी बघायचे, फोनवर बोलत. उत्तरेकडच्या गटातून आवाज आला, "दिवा ताऱ्याच्या सरळ खाली आहे." दक्षिणेकडची मुलगी म्हणाली, "नाही, इथून तो उजवीकडे सरकलाय." किती? हात ताठ करून करंगळी डोळ्यासमोर धरली, तर दीड करंगळी.

ताठ हाताच्या टोकाला धरलेली करंगळी साधारण एक अंश झाकते. आणि एखादी वस्तू एक अंश सरकलेली दिसली, तर ती आपल्या दोन जागांमधल्या अंतराच्या 57 पट लांब असते. दीड अंश असेल तर 38 पट. पन्नास गुणिले अडतीस, म्हणजे 1900 मीटर. पाण्यात पायही न घालता दिव्याचे अंतर निघाले. त्या मुलीने दोन वेळा गणित पुन्हा केले. तिचा विश्वास बसत नव्हता, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

या सरकण्याला पराशय म्हणतात. आपल्या पंचांगकर्त्यांना ही कल्पना नवी नाही. सूर्यग्रहणाच्या गणितात चंद्राचे असे सरकणे ते 'लंबन' या नावाने धरत आले. सूर्यसिद्धान्तात ते आहे. ताऱ्यांसाठी मात्र पन्नास मीटर पुरत नाहीत, सारी पृथ्वीसुद्धा पुरत नाही. तिथे पृथ्वीची कक्षाच काठ म्हणून घ्यावी लागते. आज एक नोंद, सहा महिन्यांनी दुसरी. दोन जागांमध्ये तीस कोटी किलोमीटर.

एवढे करूनही तारा सरकतो तो केसभर. एका अंशाचे 3600 भाग केले की एक विकला. दोन सेंटिमीटरचे नाणे चार किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढी ती असते. जर्मनीच्या फ्रीडरिख बेसेलने 1838 मध्ये हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचे अंतर काढले, तेव्हा त्याच्या हाती विकलेचा जेमतेम तिसरा हिस्सा होता. दुर्बिणीला डोळा लावून महिनोन्‌महिने तो ते सरकणे मोजत राहिला, हे आठवले की आदराने मान झुकते.

पारसेक हे माप इथूनच निघाले. सूर्य-पृथ्वी अंतराएवढ्या सरकण्याने जो तारा एक विकला हललेला दिसेल, तो एक पारसेकवर. किलोमीटर नको, वर्षे नकोत. कोन मोजला, एकाला त्याने भागले, की अंतर हातात. व्याधाचा कोन 0.379 विकला, म्हणून तो 2.64 पारसेकवर. एक पारसेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षे. गुणून पाहा, वाचकांनी विचारलेला 8.6 हा आकडा येतो. प्रकाशवर्ष ऐकायला गोड आहे, पण शास्त्रज्ञाच्या वहीत पारसेक असतो, कारण मोजलेला असतो तो कोन. 2013 मध्ये आकाशात गेलेल्या युरोपच्या गाया यानाने 2025 च्या सुरुवातीपर्यंत जवळपास दोन अब्ज ताऱ्यांच्या जागा अशाच टिपल्या.

त्यापलीकडे कोन इतका बारीक होतो की हाती लागत नाही. मग पुन्हा तो तळ्यापलीकडचा दिवा आठवायचा. तो किती वॅटचा हे कळले, तर नुसत्या मंदपणावरून त्याचे अंतर सांगता येईल : दुप्पट लांब गेला की उजेड पावपट. ताऱ्याचा वॅट कळतो तो सेफीड जातीच्या ताऱ्यांमुळे. त्यांचे तेज ठरावीक दिवसांनी वाढते आणि उतरते, आणि हा काळ जितका मोठा, तितका तारा मुळात तेजस्वी, हे हेन्रिएटा लेविट यांनी 1912 पर्यंत दाखवून दिले. आपला ध्रुवसुद्धा याच जातीचा. सुमारे चार दिवसांत त्याचे तेज किंचित कमीजास्त होते. 1923 मध्ये एडविन हबलला देवयानीत असा एक तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे हे पक्के झाले. आज तिचे अंतर 25 लाख प्रकाशवर्षे धरतात.

मात्र फार दूर गेल्यावर आजोबांचे माप अडचणीत येते. आपण तासाभराची वाट चालत असताना गावच मागे मागे सरकत गेले तर? आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटीच्या 30 रेडिओ दुर्बिणींनी टिपलेल्या एका दीर्घिकेचा संदेश 2023 मध्ये जाहीर झाला. हायड्रोजनच्या त्या लहरी 880 कोटी वर्षे वाटेत होत्या. त्या निघाल्या तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता. पण दरम्यान अवकाशच पसरत गेले, त्यामुळे ती दीर्घिका आज सुमारे 1300 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. मग अंतर कोणते सांगायचे, 880 की 1300? दोन्ही खरी, पण दोन्ही गणिताने काढलेली. दुर्बिणीने प्रत्यक्ष मोजली ती लहरींची लांबी : निघताना 21 सेंटिमीटर, खोडदला पोचताना 48. मूळ लांबीच्या किती पट वाढ झाली, या ताणाला ताम्रसृती म्हणतात, आणि इतक्या दूरच्या दीर्घिकेच्या नावापुढे खगोलशास्त्रज्ञ आधी तोच आकडा लिहितात : 1.29.

(पुढील लेखांकात : ताम्रसृतीवरून अंतर कसे काढतात?)