रानकोरफड : ओळख, भेद आणि ग्राह्य अंग

कुमारी हे आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्य. कुमार्यासव, रजःप्रवर्तिनी वटी यांसारख्या कल्पांमुळे प्रत्येक औषधालयात त्याची आवश्यकता भासते. पांढरकवडा परिसरात लागवडीच्या कोरफडीबरोबरच बांधावरून, माळावरून आणलेली कोरफडही 'रानकोरफड' या नावाने मिळते आणि ती अधिक वीर्यवान असल्याची समजूत आढळते. या समजुतीचा वनस्पतिशास्त्राच्या आधारे विचार करणे आम्हास अगत्याचे वाटते.

नाम व मूलस्थान

कोरफडीचे मान्य शास्त्रीय नाव ॲलो व्हेरा. बर्मन यांनी हे नाव १७६८ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केले. मिलर यांचे ॲलो बार्बाडेन्सिस हे नाव त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी आले. म्हणून पहिल्यास अग्रमान मिळतो. दोन्ही नावे एकाच वनस्पतीची आहेत, हे खरेदीच्या कागदपत्रांत ध्यानी ठेवावे. पूर्वी पलांडु कुलात (लिलिएसी) गणली जाणारी ही वनस्पती आता ॲस्फोडेलेसी कुलात समाविष्ट आहे.

ॲलो प्रजातीच्या पाचशेहून अधिक जाती आफ्रिका, मादागास्कर व अरबस्तान या भागांत निसर्गतः वाढतात. भारतात तिची एकही मूळ जाती नाही. कोरफडीचे मूलस्थान अरबी द्वीपकल्प होय. अर्थात आपली 'रानकोरफड' ही निराळी जाती नसून, पूर्वी कोणी लावलेली व पुढे आपोआप पसरलेली कोरफडच होय.

वाढीची रीत

भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की तिची मुळे कुजतात. म्हणून ती मुरमाड उतार, बांध, जुन्या वस्त्यांच्या जागा येथे टिकते. तिची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यातही पाण्याचा व्यय अल्प होतो. बीजधारणा क्वचितच होते. प्रसार बुंध्याजवळील पिल्लांनी होतो. एका ठिकाणचा ताटवा बहुधा एकाच मूळ रोपाचा विस्तार असतो. तो समूळ उपटल्यास बियांपासून पुन्हा उगवण्याची आशा धरता येत नाही.

घायपाताशी भेद

खरा धोका आहे तो घायपाताचा (केकताड). मेक्सिकोकडून आलेली ही ॲगेव्ह प्रजातीची वनस्पती कुंपणाला लावली जाते आणि कोवळ्या अवस्थेत कोरफडीसारखी दिसते. पुढील लक्षणे पाहावीत :

१. कोरफडीचे पान मोडताच पिवळा कडू रस व आत पारदर्शक गर दिसतो. चिवट धागे निघत नाहीत. घायपाताच्या पानातून बळकट तंतू निघतात व त्याचा रस त्वचेस दाहक असतो.

२. कोरफडीचा पुष्पदंड पानांच्या बगलेतून येतो व झाड पुनःपुन्हा फुलते. घायपाताचा उंच दंड मध्यातून निघतो आणि फुलल्यानंतर ते झाड मरते.

३. कोरफडीचे फूल पिवळे, नलिकाकार, सुमारे ३ सें.मी. लांब असते, त्यात अंडाशय ऊर्ध्वस्थ असतो. घायपातात तो अधःस्थ असतो.

फूल नारिंगी वा तांबडे असल्यास ती बागेतील अन्य ॲलो असू शकते. असा माल तज्ज्ञाकडून निश्चित होईपर्यंत वेगळा ठेवावा.

एक पान, दोन द्रव्ये

पानाच्या हिरव्या सालीखाली, वाहिनीवृंदांलगतच्या पेशींत पिवळा रस असतो. तो आटवून कन्यासार, म्हणजेच बाजारातील काळा बोळ, तयार होतो. त्यातील ॲलोइन हे तीव्र रेचक होय. मध्यभागीचा गर मात्र जलसंचय करणाऱ्या पेशींचा असून त्यात मुख्यतः पाणी व बहुशर्करा असतात. भावप्रकाशाने कुमारीस भेदनी म्हटले आहे. त्या गुणाचा संबंध प्रामुख्याने या पिवळ्या रसाशी लावावा लागतो.

हा भेद न पाळता सालीसकट पान वाटल्यास रेचक अंश गरात मिसळतो. गर्भिणीस तो वर्ज्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा हा रस वगळावयास लावला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संपूर्ण पानाच्या अर्कास 'संभाव्य कर्करोगकारक' (२ ब) गटात घातले. हा निष्कर्ष गराचा नाही, हेही रुग्णास सांगता आले पाहिजे.

व्यवहार

केवळ गर हवा असल्यास पान बुंध्याशी कापून, कापलेले टोक खाली करून उभे ठेवावे. पिवळा रस निथळल्यावर धुऊन साल काढावी. तोडताना बाहेरची पक्व पानेच घ्यावीत, मधला कोंब व पिल्ले राखावीत. प्रत्येक खेपेचे स्थान, दिनांक व ओळखीची लक्षणे नोंदवावीत. २००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टीनुसार कच्च्या मालाच्या नोंदी ठेवणे आवश्यकच आहे.

सारांश, 'रान' या शब्दासाठी अधिक मोल देण्याचे कारण नाही. मोल द्यावे ते अचूक ओळखीस, योग्य अंगाच्या ग्रहणास आणि ताटवा राखून पाने तोडणाऱ्या संग्राहकास.