वाळवंटातून निघालेली रेघ

झाड नाही, माणूस नाही, रंग नाही. पांढऱ्या कागदावर शाईच्या आणि शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा, बस्स. चित्राला नावही नाही. नसरीन मोहमदी यांची चित्रं विद्यार्थ्यांना दाखवली की मागच्या बाकावरून हमखास विचारणा होते, "सर, हे इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग का?" प्रश्न वावगा नाही. वास्तुविशारद वापरतात तसलीच आखणीची उपकरणं घेऊन त्या काम करत.

त्यांचा जन्म १९३७ सालचा, कराचीचा. वाढल्या मुंबईत. १९५४ ते ५७ लंडनला शिकल्या, पुढे पॅरिसलाही. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. वडिलांचं बहारीनमध्ये छायाचित्रणाच्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे कॅमेरा घरचाच आणि वाळवंटही ओळखीचं.

वाळवंटात डोळ्याला धरायला काय असतं? क्षितिज, वाळूची कड आणि सावली. तीच नजर घेऊन त्या चंदीगडला गेल्या. १९५०च्या दशकात ल कोर्बुझिए यांनी उभारलेलं ते काँक्रीटचं शहर. आपण गेलो तर इमारतीसमोर उभं राहून फोटो काढू. नसरीनबाईंच्या फोटोत अख्खी इमारत सापडतच नाही. सापडते ती उन्हानं कापलेली एखादी कड. फत्तेपूर सिक्रीच्या फरशीचंही तेच. वाळू, काँक्रीट, मोगलांचा दगड, सगळ्यांतून त्यांनी उचलली ती फक्त रेघ. हे फोटो त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडलेच नाहीत.

त्यांच्यावरचं एक पुस्तक घेऊन मी बडोद्याला निघालो होतो. तिथल्या कलाविद्याशाखेत त्या १९७२पासून शिकवत. वाटेत सुरतेजवळच्या सचिनला उतरलो. आमचा मामेभाऊ तिथल्या औद्योगिक वसाहतीत मागावर आहे. मूळचा बेळगाव-वडगावचा विणकर, वहिनी कन्नड घरातली. कलेबिलेशी त्याचा संबंध नाही. जेवण होईपर्यंत पानं उलटत बसला आणि एका फोटोवर थांबला. "दादा, हा ताणा आहे की!" खरंच, मागावरच्या ताणलेल्या धाग्यांचा फोटो होता. वहिनीही डोकावल्या, "हासु-होक्कु" म्हणाल्या. मग तो पुढची चित्रं बोट न लावता बघू लागला. "दोन रेघांमधली जागा बघ. कुठं ढिलं नाही." इतकी वर्षं वर्गात बोलूनही मला हे सांगता आलं नव्हतं.

मी त्याला बाईंच्या आजाराचं सांगितलं. मज्जासंस्थेच्या विकारानं हातापायांवरचा ताबा हळूहळू सुटत गेला, तरी त्या रेघा आखत राहिल्या. १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं मार्सेल ब्रॉयर यांच्या १९६६च्या काँक्रीटी इमारतीत नवं दालन उघडलं, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत एक त्यांचं होतं. २०२०मध्ये ते दालन बंद झालं. न्यूयॉर्कचं कौतुक भावाला फारसं नव्हतं. तो आजारापाशीच अडकला होता.

"बाबांचा हात चहाचा कप धरताना थरथरायचा," तो म्हणाला, "पण तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना थांबायचा."

पुस्तक अजून सचिनलाच आहे.