यकृत विकार, चिरकारी : बालकांतील

यकृतातील दाह, पित्तसंचय किंवा चयापचयातील (शरीरात सतत घडणाऱ्या रासायनिक घडामोडींतील) दोष दीर्घकाळ टिकल्यास यकृत कोशिकांचा नाश होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढते. याची अंतिम अवस्था म्हणजे यकृत सूत्रण रोग होय. यकृताची राखीव कार्यक्षमता मोठी असल्याने बाह्य लक्षणे पुष्कळदा उशिरा दिसतात; उलट काही कारणांवरील उपचार ठराविक मुदतीतच फलदायी ठरतात. म्हणून विकाराचे कारण, यकृताचे शिल्लक कार्य आणि उद्भवलेले उपद्रव या तिन्ही गोष्टी एकाच वेळी तपासाव्या लागतात.

कारणनिश्चिती : कारणे वयानुसार बदलतात. नवजात अर्भकाची कावीळ १४ दिवसांनंतरही टिकल्यास केवळ कोवळ्या उन्हावर विसंबणे धोक्याचे असते. मळ पांढुरका, मूत्र गडद पिवळे व रक्तातील संयुग्मित बिलिरुबीन वाढलेले असल्यास पित्तनलिका बंद असण्याची शक्यता तातडीने पडताळतात. यावर जपानी शस्त्रक्रियाविशारद मोरिओ कासाई यांनी १९५०–६० या दशकात शोधलेल्या शस्त्रक्रियेत लघ्वांत्राचा भाग थेट यकृतद्वाराशी जोडतात. ती साधारणतः ६० दिवसांच्या आत झाल्यास पित्तप्रवाह सुरू होण्याची शक्यता अधिक असते.

मोठ्या बालकांत यकृतशोथाचे विषाणू, आत्मप्रतिरक्षा विकार व विल्सन रोग यांचा शोध घेतात. विल्सन रोगात यकृतात तांबे साचते. रक्तातील सेरुलोप्लास्मीन, २४ तासांच्या मूत्रातील तांबे व डोळ्याच्या स्वच्छमंडलाच्या कडेचे तपकिरी वलय यांवरून निदानास मदत होते. भारतात पूर्वी लहान मुलांत आढळणाऱ्या, बहुधा प्राणघातक अशा बाल यकृत सूत्रण रोगातही यकृतात तांब्याचे प्रमाण फार वाढलेले असे. तान्हेपणीच तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेले वा साठविलेले जनावराचे दूध पाजण्याशी त्याचा संबंध पुणे येथील व ब्रिटिश संशोधकांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आला. अशी भांडी मागे पडल्यावर हा रोग दुर्मिळ झाला.

कार्यमापन : ॲमिनोट्रान्स्फरेज एंझाइमांची वाढ कोशिकांची इजा दर्शविते, शिल्लक कार्य नव्हे, प्रगत रोगात ती जवळजवळ प्राकृत असू शकतात. रक्तातील अल्ब्युमीन व प्रोथ्राँबीन काल यांवरून यकृताची प्रथिननिर्मिती कळते. के जीवनसत्त्व टोचूनही रक्त साखळण्यास विलंब होत असल्यास यकृताचे कार्य खालावले आहे असे समजतात. जलोदरामुळे वजन फसवे ठरते. म्हणून उंची, दंडाचा घेर व त्वचेखालील मेद मोजतात.

उपद्रव : प्रवेशिका नीलेतील दाब वाढल्यास प्लीहा मोठी होते, रक्तातील बिंबाणू घटतात व ग्रसिकेतील फुगलेल्या नीला फुटून रक्ताची उलटी किंवा काळा मळ होतो. यकृताबाहेर ही नीला बंद झालेल्या बालकातही हीच लक्षणे दिसतात; मात्र त्याचे यकृतकार्य बहुधा चांगले असल्याने हा भेद श्राव्यातीत ध्वनितरंग तपासणीने प्रथमच करणे आवश्यक असते. जलोदर असताना ताप वा पोटदुखी झाल्यास पोटातील द्रव काढून तपासतात. एका घन मिमी.मध्ये २५० वा अधिक उदासीनरागी श्वेत कोशिका आढळणे हे संसर्गाचे निदर्शक होय. मेंदूवरील परिणाम सुरुवातीस चिडचिड, दिवसा झोप व रात्री जाग किंवा अभ्यासातील घसरण एवढ्याच रूपात दिसतो व खोडकरपणा समजून दुर्लक्षिला जातो.

पुढील निर्णय : कार्य खालावत असल्यास यकृत प्रतिरोपणाचा विचार करतात. मनुष्यावरील पहिला असा प्रयत्न टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हर येथे एका तीन वर्षांच्या बालकावर केला. ते वाचले नाही. भारतात १९९८ मध्ये दिल्ली येथे पित्तनलिका बंद असलेल्या बालकावर यशस्वी प्रतिरोपण झाले. अमेरिकेत २००२ पासून १२ वर्षांखालील रुग्णांचा अग्रक्रम ठरविताना बिलिरुबीन, अल्ब्युमीन व रक्त साखळण्याच्या कालाबरोबरच वय आणि खुंटलेली वाढ यांचाही हिशेब धरला जाऊ लागला. बालकात वाढ खुंटणे हेच यकृत थकल्याचे एक मोजता येणारे लक्षण होय. त्यामुळे तपासणी एकदा करून भागत नाही, ती ठराविक काळाने पुन्हापुन्हा करावी लागते.