बेडकाचा मेंदू आणि आपला थायरॉइड

मृगाच्या सरी कोसळल्या की कोडोली परिसरातील भाताच्या खाचरांत, उसाच्या सऱ्यांत आणि रस्त्याकडेच्या डबक्यांत बेडकांचे डराव डराव सुरू होते. थोड्याच दिवसांत त्या पाण्यात काळसर, शेपटीवाली पिल्ले वळवळताना दिसतात. नातवंडांना ती मासेच वाटतात. शास्त्रीय मराठीत त्यांना ‘भैकेर’ म्हणतात. पुढे शेपटी झडते, पाय फुटतात, कल्ल्यांची जागा फुप्फुसे घेतात, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो आहोत. मात्र याच काळात त्या जिवाच्या मेंदूचीही पुनर्रचना होत असते, आणि ती घडवणारे द्रव्य आपल्याही गळ्यात तयार होत असते. ज्या घरात वयस्कर माणूस आहे, त्या घराने ही गोष्ट अवश्य जाणून घ्यावी.

मेंदूची नवी मांडणी

भैकेर शेपटीने पोहतो आणि मुख्यतः शेवाळ खरवडून खातो. बेडकाला मात्र उडी मारायची असते आणि उडता कीटक जिभेने टिपायचा असतो. जुना मेंदू या नव्या आयुष्याला पुरत नाही. शेपटी हलवणाऱ्या चेतापेशी नाहीशा होतात. पाय चालवणाऱ्या पेशी वाढतात आणि स्नायूंशी जोडल्या जातात. तोल सांभाळणारा लहान मेंदू विकसित होतो. डोळ्यांची जागा बदलते आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून अंतर जोखता यावे यासाठी दृष्टीचे नवे तंतू मेंदूत शिरतात.

हे सारे घडते ते प्रामुख्याने थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे. तेच संप्रेरक एका पेशीला ‘वाढ’ म्हणते आणि दुसरीला ‘आता थांब’. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने भैकेरांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. ते वेळेआधीच, अगदी लहान आकाराचे असताना बेडूक होऊ लागले. पुढे काही वर्षांत अ‍ॅलन यांनी भैकेरांची ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ते आकाराने वाढत राहिले, पण बेडूक काही झाले नाहीत. कमी झाले तरी घोटाळा, वेळेआधी आणि जास्त झाले तरी घोटाळा, हा त्यातला धडा आहे.

माणसाच्या घरात

वाचकहो, बेडकाच्या आणि आपल्या शरीरातील हे संप्रेरक रासायनिकदृष्ट्या एकच आहे. गर्भातील आणि नवजात बाळाच्या मेंदूची घडण त्यावर अवलंबून असते. म्हणून सुनेच्या गरोदरपणात थायरॉइडची तपासणी आणि नातवंडाच्या जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत रक्ताची चाचणी झाली आहे का, हे आजी-आजोबांनी आवर्जून विचारावे. दोष आढळल्यास पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर बहुतेक बाळांच्या मेंदूची वाढ नीट होते. या संप्रेरकासाठी आयोडीन लागते. त्याच्या अभावाविरुद्ध आपल्या देशात १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे.

उतारवयातील थायरॉइडची कमतरता मात्र फसवी असते. बोलणे-चालणे मंदावते, नावे आठवत नाहीत, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होते, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, मन कशात लागत नाही. घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’ वय झालेच आहे. पण एवढ्यावर विषय संपवू नये. टीएसएच ही साधी रक्ततपासणी करावी आणि त्याबरोबर बी-१२ जीवनसत्त्वही तपासावे. विसराळूपणाचे कारण यांपैकी एखादे निघाले, तर उपचाराने फरक पडू शकतो. प्रत्येक स्मृतिभ्रंश या गोळीने बरा होत नाही, हेही तितकेच खरे.

गोळी घेताना

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहाही घेऊ नये. ही गोळी आणि कॅल्शियम वा लोहाच्या गोळ्या यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. वृद्धांना, विशेषतः हृदयविकार असल्यास, लहान मात्रेपासून सुरुवात करतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नये, आणि शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळीही घेऊ नये. मात्रा जास्त झाली, तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. छातीत धडधड, हातांना कंप किंवा अकारण वजन घटणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वयानुसार टीएसएचचा आकडा थोडा वाढणे स्वाभाविक आहे. सत्तरीनंतर अहवालात तो किंचित जास्त दिसला, म्हणून लगेच औषध लागतेच असे नाही. पुन्हा तपासून, लक्षणे पाहून निर्णय घ्यावा लागतो.

तेव्हा या पावसाळ्यात घरातील ज्येष्ठांकडे जरा निरखून पाहा. सहा महिन्यांपूर्वी ते जसे होते, त्याहून मंद झाले आहेत का? तसे वाटत असेल, तर कधीपासून आणि काय बदलले, ते एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद घेऊन त्यांच्यासोबत दवाखान्यात या. तपासणीइतकाच त्या टिपणाचाही डॉक्टरांना उपयोग होतो.